बदनाम झालेली ‘इन्सास’ खरेच इतकी वाईट होती का? एके-४७ न अडकण्यामागचे गणित काय? समजून घ्या

छत्रपती संभाजीनगर : पहाटे गोगाबाबा टेकडीच्या बाजूला धावायचे, दुपारी अभ्यासिकेत बसायचे आणि रात्री मोबाइलवर बीजीएमआय खेळायचे. पोलीस किंवा अग्निवीर भरतीची तयारी करणाऱ्या अनेक मुलांचा दिवस साधारण असाच जातो. खेळताना वाद ठरलेला असतो. एकेएमचे ‘डॅमेज’ जास्त, पण एम४१६ हातात स्थिर राहते; मग भारी कोणती? या वादात एक गोष्ट कधीच येत नाही. मोबाइलमधली बंदूक ऐन वेळी अडकत नाही. खरी अडकते.

गेल्या ऑक्टोबरमधला गडचिरोलीचा प्रसंग आठवून बघा. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवाद्यांचा वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने ६० सहकाऱ्यांसह मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर शस्त्रे खाली ठेवली. त्या ५४ शस्त्रांमध्ये सात एके-४७ होत्या आणि नऊ इन्सास. गडचिरोलीतील चकमकींनंतर पोलीस जी शस्त्रे मांडून दाखवतात, त्यात या दोन्हींच्या जोडीला एसएलआर आणि थ्री नॉट थ्रीही दिसतात. म्हणजे भारतीय शस्त्रागाराचा मोठा इतिहास एकाच टेबलावर. या चारपैकी ‘इन्सास’ ही पुण्यात आखलेली रायफल. सर्वाधिक शिव्याही तिनेच खाल्ल्या.

या चार रायफली नेमक्या काय आहेत?

थ्री नॉट थ्री ही ब्रिटिशांच्या काळातली ली-एन्फिल्ड. एक गोळी झाडली की हाताने बोल्ट मागे ओढायचा, पुढे ढकलायचा आणि मग दुसरी गोळी. १९६२ च्या चीन युद्धात आपले जवान हीच घेऊन लढले. त्या धड्यानंतर आली एसएलआर. बेल्जियमच्या एफएन फाल रायफलवर बेतलेली, पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात बनलेली. चाप ओढला की एक गोळी, पुढची आपोआप चेंबरमध्ये. मॅगझिनमध्ये २० गोळ्या.

एके-४७ ला ओळखीची गरज नाही. मिखाईल कलाश्निकोव्हची रायफल, ३० गोळ्यांचे वाकडे मॅगझिन, मिनिटाला सुमारे ६०० गोळ्यांचा वेग. इन्सास पुण्याच्या ‘एआरडीई’ने, म्हणजे डीआरडीओच्या शस्त्र संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात आखली आणि ती नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात जवानांच्या हाती आली. तिची गोळी ५.५६ मिलिमीटरची, एसएलआरपेक्षा लहान आणि हलकी. चाप एकदा दाबला की तीन गोळ्यांचा ‘बर्स्ट’ सुटायचा, म्हणजे घाबरून अख्खे मॅगझिन रिकामे होणार नाही, असा त्यामागचा विचार होता.

या पिढ्यांमधले अंतर महाराष्ट्राने २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री पाहिले. मुंबईच्या सीएसटी स्थानकात दोन दहशतवाद्यांकडे एके रायफली होत्या. समोरच्या रेल्वे पोलिसांकडे लाठ्या आणि काही थ्री नॉट थ्री. त्या एका स्थानकात ५० हून अधिक माणसे गेली. पुढे गिरगाव चौपाटीला सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या एकेची नळी हातांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि कसाब जिवंत सापडला. ओंबळे यांच्या हातात तेव्हा फक्त लाठी होती.

गोळी अडकते म्हणजे नेमके कुठे?

चाप ओढला की काडतुसातली दारू पेटते आणि गोळी नळीतून पुढे पळते. तिच्यामागचा थोडा गॅस नळीला पाडलेल्या छिद्रातून वर येतो आणि पिस्टनला मागे ढकलतो. पिस्टनबरोबर बोल्ट मागे जातो, जाताना रिकामी पुंगळी बाहेर फेकतो. मागची स्प्रिंग त्याला परत पुढे लोटते आणि येताना तो मॅगझिनमधून नवे काडतूस उचलून चेंबरमध्ये बसवतो. हे सगळे सेकंदाच्या दहाव्या भागात. पुंगळी चेंबरला चिकटली, मॅगझिनने काडतूस वेळेत वर दिले नाही, गॅस कमी पडला किंवा मध्ये माती आली, तर साखळी तुटते.

एके का अडकत नाही, हे वाळूजच्या कोणत्याही मशीन शॉपमध्ये काम केलेल्या माणसाला पटकन कळेल. दोन सरकत्या भागांमध्ये क्लिअरन्स किती ठेवायचा, हा तिथला रोजचा प्रश्न. घट्ट बसवले तर काम अचूक होते, पण एक कण घुसला की भाग जाम. सैल ठेवले तर धूळ आली तरी चालत राहते, पण थोडे खडखडते. कलाश्निकोव्हने दुसरा रस्ता घेतला. सरकते भाग सैल आणि वजनदार, आणि त्यांना ढकलायला गरजेपेक्षा जास्त गॅस. वाटेत थोडी माती आली तरी तो जड भाग तिला रेटून पुढे जातो.

दुसरे कारण काडतुसात आहे आणि ते फारसे कुणी सांगत नाही. एकेची पुंगळी टोकाकडे निमुळती होत जाते. कुल्फीचा साचा निमुळता का असतो? किंचित सैल झाली की कुल्फी सगळीकडून एकदम सुटते. साचा सरळ नळीसारखा असता तर शेवटपर्यंत घासत आली असती. निमुळती पुंगळी चेंबरमधून तशीच झटकन सुटते. एकेचे मॅगझिन वाकडे असण्याचे कारणही हेच. निमुळती काडतुसे एकावर एक रचली की रांग आपोआप वळते. ५.५६ ची पुंगळी त्या मानाने बरीच सरळ आहे. तिसरी गोष्ट क्रोमची. मोटारसायकलच्या पुढच्या शॉकअबच्या रॉडवर असतो तसाच कडक मुलामा एकेच्या नळीला आणि चेंबरला आतून असतो. गंज धरत नाही, पुंगळी चिकटत नाही.

अर्थात याची किंमत आहे. सैल यंत्राचा नेम तितका नेटका नसतो आणि एकेची गोळी ३०० मीटरच्या पुढे बरीच खाली येऊ लागते. इन्सास ४०० मीटरपर्यंत वापरायची म्हणून आखली होती आणि नेमाच्या बाबतीत तिच्याबद्दल फारशी तक्रार झाली नाही. एके कधीच अडकत नाही, ही दंतकथाही सोडून दिलेली बरी. तिच्या उजव्या बाजूला सेफ्टीचा लांब पत्रा असतो. तो खाली केला की बोल्टशेजारी मोठी फट उघडी पडते. पातळ चिखल त्या फटीतून आत गेला तर एकेही थांबते. धूळ रेटण्याची ताकद वेगळी, ती आत येऊच न देण्याची रचना वेगळी.

मग इन्सासचे काय बिघडले?

कागदावर इन्सास वाईट नव्हती. पिस्टन आणि फिरता बोल्ट एकेच्या धर्तीवर, गॅस कमी-जास्त करण्याचा रेग्युलेटर एसएलआरसारखा. चांगल्या रायफलींमधले चांगले तेवढे उचललेले. खरी परीक्षा १९९९ मध्ये कारगिलच्या शिखरांवर झाली. तिथल्या थंडीत प्लास्टिकची पारदर्शक मॅगझिन तडकल्याच्या, रायफल अडकल्याच्या, तीन गोळ्यांच्या बर्स्टवर ठेवलेली बंदूक सलग सुटल्याच्या तक्रारी आल्या. काही जवानांच्या चेहऱ्यावर, डोळ्यांत तेल उडाल्याचेही सांगितले गेले.

यातली मॅगझिनची तक्रार वेगळी काढून बघण्यासारखी आहे. मॅगझिन पारदर्शक ठेवण्यामागे हेतू चांगला होता. किती गोळ्या उरल्या ते जवानाला बघताक्षणी कळावे. पण कडाक्याच्या थंडीत प्लास्टिक ठिसूळ होते. मॅगझिनचे तोंड किंचित फाकले तरी काडतूस तिरके वर येते आणि चेंबरच्या तोंडाशी अडते. जवानाच्या दृष्टीने रायफल अडकली. अभियंत्याच्या दृष्टीने बंदूक ठीक आहे, डबा बिघडला. समोरून गोळ्या येत असताना या फरकाला अर्थ नसतो, हे खरे. पण नंतर दुरुस्ती करणाऱ्याला मात्र तो फरक माहीत हवा.

ऑगस्ट २००५ मध्ये प्रकरण देशाबाहेर गेले. नेपाळच्या कालीकोट जिल्ह्यात पिली येथे माओवाद्यांनी लष्करी तळावर हल्ला केला. ४३ सुरक्षा कर्मचारी मारले गेले. भारताकडून घेतलेल्या इन्सास रायफली लढताना बंद पडल्या, असे नेपाळच्या लष्कराने उघडपणे सांगितले. भारताचे उत्तर होते की रायफलींची निगा आणि हाताळणी नीट झाली नाही. दोन्ही बाजू काही अंशी बरोबर असू शकतात. पण ज्या रायफलीला रात्रभर चालणाऱ्या चकमकीत जपून वापरावे लागते, ती रायफल कोणत्याही पायदळाला परवडत नाही.

मग देशातच सीआरपीएफने तोंड उघडले. नक्षलग्रस्त भागात इन्सास एकेच्या तुलनेत जास्त वेळा अडकते, असे या दलाने २०१४ मध्ये सरकारला कळवले आणि त्यानंतर नक्षलविरोधी मोहिमांवरच्या जवानांना एके देण्याचा निर्णय झाला. गडचिरोली पोलिसांच्या सी-६० पथकाच्या हाती तर एके कितीतरी आधीपासून आहे.

दोष रायफलीचा की दारूगोळ्याचा?

अशा वेळी सगळे खापर बंदुकीवर फोडणे सोपे असते. अमेरिकेने १९६० च्या दशकात व्हिएतनाममध्ये एम१६ पाठवली तेव्हा हेच झाले. अडकलेली रायफल उघडून बसलेले सैनिक मृतावस्थेत सापडले. १९६७ मध्ये अमेरिकी संसदेच्या उपसमितीने चौकशी केली तेव्हा वेगळेच समोर आले. रायफलीची चाचणी एका प्रकारच्या दारूवर झाली होती आणि सैनिकांना दिलेल्या काडतुसांत दुसरीच दारू होती. चेंबरला क्रोम नव्हते. साफसफाईचे सामान पुरेसे पाठवलेच नव्हते. या गोष्टी दुरुस्त केल्यावर तीच एम१६ पुढे दशकानुदशके चालली. ब्रिटनच्या एसए८० रायफलीची १९९१ च्या आखाती युद्धातल्या वाळूत अशीच शोभा झाली होती. ब्रिटिशांनी ती टाकून दिली नाही. २००० नंतर हेक्लर अँड कॉख या जर्मन कंपनीकडून बोल्टपासून मॅगझिनपर्यंतचे भाग बदलून घेतले आणि तीच रायफल वापरात ठेवली.

अडकण्याचे मोजमापही होते. २००७ मध्ये अमेरिकी लष्कराने धुळीने भरलेल्या खोलीत चार प्रकारच्या रायफली तपासल्या. प्रत्येक प्रकाराच्या १० बंदुका, प्रत्येकीतून ६ हजार गोळ्या. म्हणजे एका प्रकाराला ६० हजार. एम४ त्यात ८८२ वेळा थांबली, तर एक्सएम८ फक्त १२७ वेळा. एम४ च्या थांबण्यातला बराच मोठा वाटा मॅगझिनचा निघाला, आणि पुढे लष्कराने मॅगझिनची रचना सुधारली. मॅगझिन हा पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा साधा डबा, आत एक स्प्रिंग. इन्सासचे नाव खराब करण्यातही त्याचा हात कमी नव्हता.

काडतुसांची साखळी आपल्या घराजवळून जाते. अजिंठ्याचा घाट उतरून जळगाव जिल्ह्यात गेले की भुसावळजवळ वरणगाव लागते. तिथला आयुध निर्माणी कारखाना लहान शस्त्रांची काडतुसे बनवतो, ५.५६ चीही. काडतुसातली दारू जराशी कमी-जास्त झाली की पिस्टनपर्यंत पोहोचणारा गॅस बदलतो; रायफल तीच, पण वागते वेगळी. कारगिलच्या वेळी तर ५.५६ ची काडतुसे इस्रायलकडून मागवावी लागली होती. रायफल एका कारखान्याची, मॅगझिन दुसऱ्याचे, काडतूस तिसऱ्याचे आणि ते सगळे एकत्र येणार थेट शिखरावरच्या जवानाच्या हातात. इन्सासची खरी चूक इथे होती. रचना फार वाईट नव्हती, पण बनावटीतला दर्जा सारखा राहिला नाही आणि तक्रारींवरच्या दुरुस्त्या तुकड्यातुकड्याने, उशिरा होत गेल्या. तोवर जवानाचा विश्वास उडाला होता.

‘स्टॉपिंग पॉवर’ म्हणजे काय? सिनेमात उडून पडतात ते खरे का?

नाही. नववीच्या विज्ञानातला संवेग काढून बघा, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. एकेची गोळी साधारण ८ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ७१५ मीटर. संवेग येतो ५.७. ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेला १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू घ्या. त्याचा येतो ६.२. म्हणजे वेगवान गोलंदाजाचा चेंडू बरगडीत बसला तर धक्का एकेच्या गोळीपेक्षा थोडा जास्तच. फलंदाज काही उडून प्रेक्षकांत पडत नाही. शिवाय गोळीचा जो धक्का समोरच्याला बसतो, तेवढा तरी झाडणाऱ्याच्या खांद्यालाही बसतोच.

फरक पडतो तो ऊर्जेत, कारण तिथे वेगाचा वर्ग येतो. नळीतून सुटताना इन्सासच्या गोळीत सुमारे १,६०० ते १,७०० जूल ऊर्जा असते. एकेच्या गोळीत २,०००, थ्री नॉट थ्रीच्या ३,१०० आणि एसएलआरच्या जवळपास ३,३००. आकडे बघून वाटेल की निकाल लागला. पण गोळीत ऊर्जा किती आहे आणि त्यातली शरीरात किती उतरते, या दोन वेगळ्या गोष्टी. मार्टिन फॅकलर या अमेरिकी लष्करी सर्जनने १९८० च्या दशकात जिलेटिनच्या ठोकळ्यांवर गोळ्या झाडून हे मोजले. जुन्या पोलादी गाभ्याची एकेची गोळी सुमारे २५ सेंटिमीटर सरळ जाते आणि मग आडवी होते. बहुतेकदा तोवर ती शरीराच्या बाहेर पडलेली असते. हलकी ५.५६ लवकर आडवी होते आणि वेग पुरेसा असेल तर तिचे तुकडे होतात. जवळून लागली तर तिची जखम एकेपेक्षा भयंकर असू शकते. अंतर वाढले, वेग कमी झाला की तीच गोळी सुईसारखे बारीक छिद्र पाडून निघून जाते. त्यामुळे ‘स्टॉपिंग पॉवर’ नावाचा एकच आकडा कोणत्याही रायफलीवर छापता येत नाही. गोळी कुठे लागली, हे त्या सगळ्यापेक्षा मोठे.

मग सीआरपीएफला आणि लष्कराला मोठी गोळी का हवी होती? एक कारण आडोसा. गडचिरोलीच्या जंगलात समोरचा माणूस उघड्यावर उभा नसतो. झाडामागे, बांबूच्या बेटात, मातीच्या भिंतीमागे असतो. जड गोळी हे पार करते, हलकी अडखळते. दुसरे कारण युद्धाच्या विचारात आहे. ५.५६ च्या बाजूने असा युक्तिवाद व्हायचा की शत्रू जखमी झाला तर त्याला उचलायला आणखी दोघे गुंततात. दोन देशांच्या फौजांमध्ये हे चालेल. काश्मीरमध्ये खोलीत दडून बसलेला दहशतवादी जखमी झाला तरी कुणी त्याला उचलायला येत नाही, आणि तो गोळी झाडत राहतो.

मोठी गोळी फुकट मात्र मिळत नाही. ५.५६ चे एक काडतूस साधारण १२ ग्रॅमचे, एकेचे १६-१७, एसएलआरचे २४. पाठीवरच्या तेवढ्याच वजनात एसएलआरवाल्याकडे निम्म्या गोळ्या. धक्का जास्त, म्हणून दुसरी गोळी नेमावर यायला वेळ जास्त. आणि शहरात वेगळेच संकट. गर्दीच्या गल्लीत झाडलेली एसएलआरची गोळी समोरच्याला पार करून मागच्या भिंतीपलीकडे जाऊ शकते. सातारा परिसरातील राज्य राखीव पोलीस दलाच्या गट क्रमांक १४ चे जवान गडचिरोलीच्या जंगलातही जातात आणि शहरातल्या मिरवणुकीच्या बंदोबस्तालाही. दोन्हीकडे एकच रायफल योग्य असेल, असे नाही.

आता इन्सासच्या जागी काय?

लष्कराने दोन वाटा धरल्या. सीमेवरच्या पायदळासाठी अमेरिकी सिग-७१६, म्हणजे पुन्हा एसएलआरच्याच ७.६२ बाय ५१ काडतुसाकडे परत. २०१९ मध्ये ७२,४०० रायफलींचा करार झाला आणि २०२४ मध्ये आणखी ७३ हजारांचा. बाकी मोठ्या संख्येसाठी एके-२०३. उत्तर प्रदेशात अमेठीजवळच्या कोरवा येथे भारत-रशिया भागीदारीत ती बनते. डिसेंबर २०२१ च्या करारानुसार सहा लाखांहून अधिक रायफली लष्कराला मिळायच्या आहेत. आज टेकडीवर धावणाऱ्या मुलांपैकी जे अग्निवीर होतील, त्यांच्यापैकी अनेकांच्या हाती हीच येईल.

पुण्याची ‘एआरडीई’ही थांबलेली नाही. जानेवारी २०२४ मध्ये तिने हैदराबादच्या द्वीपा आर्मर या खासगी कंपनीसोबत बनवलेली ‘उग्रम’ रायफल पुण्यात सादर केली. ७.६२ बाय ५१ काडतूस, वजन चार किलोच्या आत, पल्ला ५०० मीटर, मॅगझिनमध्ये २० गोळ्या. ही रायफल इन्सासच्या मानाने फारच कमी वेळात उभी राहिली. तिला आता थंडीच्या, धुळीच्या, चिखलाच्या चाचण्यांतून जायचे आहे, आणि मॅगझिनसह.